उंदीरघरातला सालकाढा

प्रयोगशाळेच्या कपाटात मागच्या बाजूला लेबल निघून गेलेल्या बाटल्या साठत जातात. आत काय आहे माहीत नसतं म्हणून कुणी उघडत नाही, आणि काय असेल सांगता येत नाही म्हणून कुणी टाकतही नाही. आमच्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालं. परवा एक जुना सोबती भेटला, चहा झाला, एक बाटली उघडली आणि मग उघडतच गेल्या. घरी आलो तर बायको म्हणते, "हसत गेलते, अन् तोंड पाडून काऊन आले?"

आता तिला काय सांगू? हे किस्से सांगताना मी नेहमी हसतोच. पण त्यातल्या एका गोष्टीत माझीही चूक आहे, आणि ती आली की हसणं तिथेच थांबतं. तुम्हाला सांगतो. ऐका आणि काय ते ठरवा.

* * *

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय संस्थेच्या छोट्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होतो. सेलूहून एसटीनं यायचो. विभागप्रमुखांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांच्या हाताखाली प्रबंध करणाऱ्या घाटे मॅडम, नागपूरच्या. आणि उंदरांचं सगळं पाहणारा गोमाजी, बोरगाव मेघेहून पायी येणारा. एवढीच आमची माणसं. बाकी सगळे उंदीर!

कॉफीच्या फळातून बी काढली की साल उरते, ढिगानं उरते, आणि मळेवाले ती फेकून देतात. वर्ध्याच्या हवेत काहीही वाया जाऊ न देण्याचा एक आजार आहे, तो सरांना चांगलाच जडला होता. ही साल उकळून लोकांना पेय म्हणून देता येईल का, आणि दिलं तर पोटाला ते बरं की वाईट, हा त्यांचा प्रश्न. मॅडमचा प्रबंध त्यावरच ठरला. दक्षिणेतल्या मळ्यावरून दोन पोती वाळलेली साल रेल्वेनं मागवली.

ती सोडवायला मी आणि गोमाजी पार्सल ऑफिसात गेलो. बाबूनं पोत्यात हात घातला, वास घेतला.

"काय आहे हे? सरकीची ढेप?"

"कॉफीचं टरफल," मी म्हणालो.

"अन् कॉफी कुठी आहे?"

"ती तिकडच्या लोकांनी प्याली."

"मंग टरफल आपल्याले काऊन पाठोलं?"

"उंदराले पाजाचं आहे," गोमाजी म्हणाला.

बाबूनं आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं, कागद पुढे ओढला आणि मालाच्या रकान्यात लिहिलं, 'औषध'. मग मला हळूच म्हणाला, "साहेब, उंदराले मारते ते औषध आपल्या दुकानात भेटते. एवढ्या दुरून काऊन मागोता?"

* * *

सरांचा एक नियम होता. जे आपण पीत नाही ते प्राण्याला पाजायचं नाही. म्हणून पहिल्या दिवशी साल उकळून गाळली आणि चौघांसाठी चार पेले भरले. रंग गुळाच्या चहासारखा, चव आंबटगोड. सरांनी विचारलं, "कसं वाटतं?"

गोमाजीनं विचार करून सांगितलं, "चिचेच्या पान्यात गूळ पडल्यावानी लागते. वाईट नाई. पन चहा नाई."

त्या दिवसापासून त्याचं नाव 'सालकाढा' पडलं. मला आवडला. मी दोन पेले प्यालो. मॅडमही दोन प्याल्या.

त्या संध्याकाळी सेलूची एसटी पवनारच्या पुलाच्या अलीकडे थांबवावी लागली. का, ते विचारू नका. कंडक्टर भला माणूस. त्यानं घंटी मारली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "आरामात जाऊन या, आम्ही थांबून राह्यलो!"

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर माणूस हसला नाही. "मॅडम, तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मला काहीच नाही." सरांनी दोन्ही उत्तरं वहीत टिपली. तेवढ्यात मॅडमनीच म्हटलं, "सर, मग माद्याही घ्यायला हव्यात."

त्या काळी बहुतेक ठिकाणी अशा कामाला नरच वापरत. सरांनी नेहमीचं कारण सांगितलं, "माद्यांचं चक्र असतं. आकडे हलतात."

"सर, ओपीडीत बायका येतात. आकडे हलतात म्हणून आपण त्यांना परत पाठवतो का?"

त्याच आठवड्यात माद्यांचे पिंजरे आले!

* * *

माझं काम सांगायला मला अजून लाज वाटते, पण विज्ञान आहे. रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्याखालच्या लेंड्या गोळा करायच्या, मोजायच्या, वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन करायचं. काढा पिणाऱ्यांच्या वेगळ्या, नुसतं पाणी पिणाऱ्यांच्या वेगळ्या. नरांच्या वेगळ्या, माद्यांच्या वेगळ्या.

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय काम करता?" मी म्हणालो, "संशोधन." ते खोदून विचारत गेले. शेतकरी माणूस, आडपडदा नाही. शेवटी मला लेंड्यांपर्यंत यावंच लागलं.

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या घरी बारा बकऱ्या आहेत. लेंड्यायची कमी नाई. पन मोजाचं कधी सुचलं नाई बापा!"

तरी मुलगी दिली. आत जाऊन पोरीला काय म्हणाले ते मला लग्नानंतर कळलं: "पोरगा इमानदार आहे. लेंडीही सोडत नाई."

हे वाक्य मी खूप वर्षं मित्रांना हसत हसत सांगितलं. आता सांगवत नाही.

* * *

गोमाजीबद्दल थोडं सांगतो. त्याला वाचता येत नव्हतं, पण अंधारात नुसता हात लावून नर कोणता आणि मादी कोणती ते सांगायचा. उंदराच्या पिंजऱ्यात तो हात घालायचा तोही आधी आवाज देऊन. "काऊन आवाज देता?" मी एकदा विचारलं. म्हणाला, "तुह्या घरात कोनी न सांगता हात घातला तं चालन काय तुले?"

ज्या दिवशी उंदीर मारायचे असत त्या दिवशी तो इमारतीत थांबत नसे. पिंजरे आणून ठेवायचा आणि मागच्या कडुलिंबाखाली पाठ करून बसायचा. काम झालं की यायचा, पिंजरे धुवायचा आणि दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. मी त्याला चिडवायचो. "गोमाजी, उंदरासाठी सुतक पाळता का?" तो बादली उचलून पुढे जायचा. मला तेव्हा अठ्ठाविसावं चालू होतं, आणि त्या वयात माणसाला वाटतं की सगळ्याला चिडवता येतं.

* * *

आता मुख्य परीक्षा. उंदरांना एक दिवस आधी संध्याकाळी पाचपासून उपाशी ठेवायचं, म्हणजे पोट रिकामं. सकाळी कोळशाची पूड कालवलेली पेज पाजायची. ठरलेल्या वेळानं उंदीर मारायचा, आतडं टेबलावर सरळ मांडायचं आणि काळी रेघ कुठपर्यंत पोचली ते पट्टीनं मोजायचं. रेघ लांब गेली तर आतडं जोरात चालतं, मागे राहिली तर हळू.

निकाल असा आला की सर खुर्चीतून उठले. काढा प्यालेल्या नरांमध्ये रेघ पळत सुटलेली. माद्यांमध्ये मात्र काढा द्या, पाणी द्या, रेघ तिथल्या तिथे! तीनदा केलं, तीनदा तेच.

"हॉर्मोन!" सर म्हणाले. "घाटे, या एका निकालावर तुमचं नाव होईल."

मॅडमनी हॉर्मोनवर अख्खं प्रकरण लिहिलं. मीही खूश. पवनारचा पूल आणि मॅडमचं 'काहीच नाही' यांना आता शास्त्राचा आधार मिळाला होता. एसटीत बसलेल्या ओळखीच्या माणसांना मी सांगत सुटलो, "तेव्हा मी नर होतो म्हणून झालं!"

आता माझं सांगतो. आतडी मांडण्याआधी जठर उघडून धुण्याचं काम माझ्याकडे होतं. माद्यांच्या जठरात मला पांढुरके कण दिसायचे. एकीच्या दिसले, दुसरीच्या दिसले. नरांच्यात नसायचे. मी मनाशी म्हटलं, पिंजऱ्यातला भुसा खाल्ला असेल. भुसा असा पांढरा आणि मऊ नसतो, हे मला कळत होतं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस मी, मला ज्वारी ओळखू येत नाही का? पण टेबल स्वच्छ दिसलं पाहिजे, निकाल सुंदर येतोय, सर खूश आहेत. मी कण धुऊन टाकले आणि ट्रे पुढे सरकवला.

* * *

प्रबंध टाइप होऊन आला. चार प्रती, कार्बनच्या. आठवडाभरात विद्यापीठात द्यायच्या होत्या. मॅडम त्या दिवसांत दुपारचं जेवायच्याच नाहीत. चुका तपासत बसायच्या आणि मधूनमधून सालकाढा प्यायच्या.

एका दुपारी गोमाजी त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. फडक्यात भाकरी आणि वर चटणी.

"डाक्टरीनबाई, हे खाऊन घ्या."

"नको गोमाजी, वेळ नाही."

"पोटुशीनं उपाशी राहू नाई."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले काऊन पाह्यजे? माह्या घरी चार लेकी हायेत. तुमी आंबट कितीक पिऊन राह्यल्या ते दिसते मले." मग भाकरी पुढे सरकवून म्हणाला, "खा. लेकीबाईले उपाशी ठेवाचं नाई, आमच्या मायची रीत हाय. म्या तं उंदरीनलेही ठेवत नाई."

मी शेजारच्या टेबलावर होतो. मॅडमनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजे काय बाई! पाच वाजता खानं काहाडा म्हनता, मी काहाडतो. मंग माद्यायपुढं भाकरीचा एकेक कुटका ठेवतो. सकाळी मराचं हाय त्यायले. कोनती पोटुशी असन, कोनाले ठाऊक? उपाशीपोटी कशा धाडाच्या?"

"आणि नरांना?" मीच विचारलं.

"बाप्याले एका रातीचं काय होते? तो तं उपाशी राहूनही भांडन करते."

मी हसलो. सवयीनं हसलो. मॅडमकडे पाहिलं आणि हसणं तोंडातच राहिलं. त्यांच्यासमोर चार प्रती होत्या, आणि चारही प्रतींत हॉर्मोनचं प्रकरण.

गोमाजीला काही कळलं नाही. तो म्हणत होता, "खा ना बाई. ताजी हाय."

* * *

त्या दुपारी मी मॅडमना एक गोष्ट बोललो, ती लपवत नाही. मी म्हणालो, "मॅडम, कुणाला कळणार आहे? तारीख आठवड्यावर आली. बाळाच्या आधी होऊन जाईल सगळं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "वामन, उद्या कुणी हे वाचून बायकांना हा काढा खुशाल प्या म्हणून सांगेल. पचनावर काही होत नाही म्हणून सांगेल. मग?" आणि प्रती उचलून सरांच्या खोलीत गेल्या. मीही मागे गेलो.

सरांनी सगळं ऐकलं. चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "गोमाजीला उद्यापासून येऊ नको म्हणावं."

मॅडम म्हणाल्या, "सर, आपण त्यांना खाणं काढायला सांगितलं. त्यांनी काढलं. उपाशी का ठेवायचं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? मी नाही सांगितलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. सर म्हणाले, "मीही नाही."

आता माझ्यानं राहवेना. "सर, माद्यांच्या पोटात मला कण दिसले होते. मी धुऊन टाकले."

"किती वेळा?"

"दर वेळी."

वाटलं, आता मलाही घरी बसवतात. सरांनी प्रयोगाची वही माझ्यासमोर ठेवली. "ज्या ज्या तारखेला दिसले त्या त्या पानावर लाल शाईनं लिही. खाली सही कर." मी बसून लिहिलं. प्रत्येक पानावर तेच वाक्य. शाळेत शिक्षा म्हणून पाढे लिहिले आहेत, पण हात असा कधी जड झाला नव्हता.

गोमाजीला कामावरून काढलं नाही. मॅडमनी त्याला फरशीवर बसवलं, कोळशानं जठराचं, आतड्याचं चित्र काढलं, रिकामं पोट म्हणजे काय, भरलेल्या पोटात रेघ का अडते, सगळं सांगितलं. त्यानं तासभर ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे माह्या भाकरीनं तुमचं पुस्तक बुडालं?"

मॅडमनी हातातला कोळसा खाली ठेवला.

गोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. "मंग हे पयलेच सांगाचं ना बाई! म्या का दुश्मन होतो तुमचा?"

* * *

पुढचं आधीच सांगून टाकतो. सगळं पहिल्यापासून केलं. प्रबंध एक सत्र मागे पडला. नव्या निकालात माद्यांचीही रेघ नरांसारखीच पळाली. नर-मादी फरक शोधूनही सापडला नाही. हॉर्मोनचं प्रकरण गेलं, नाव व्हायचं तेही गेलं. नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "पहिल्या वेळी एवढा मोठा फरक होता, तो गेला कुठे?" मॅडम म्हणाल्या, "सर, तो उंदरांत नव्हताच. जेवण वाढणाऱ्याच्या हातात होता." आणि लाल शाईची पानं त्यांच्यापुढे ठेवली. परीक्षकांनी ती सगळी वाचली. मी दाराबाहेर उभा होतो आणि माझे कान तापले होते. त्यांनी प्रबंध पास केला. मॅडमना मुलगी झाली. सालकाढा मात्र कुणीच प्यालं नाही. उरलेलं पोतं गोमाजीनं घराजवळच्या वांग्यांना खत म्हणून घातलं.

पण मला सांगायचा आहे तो किस्सा याच्या मधला आहे.

नव्यानं पहिल्यांदा उपाशी ठेवायचा दिवस. माद्या बारा. सरांनी विचारलं, "उंदीरघराची चावी कोणाकडे?" मला वाटलं, माझं नाव येईल. मॅडम म्हणाल्या, "गोमाजींकडे."

पाच वाजले. गोमाजीनं एकेक पिंजऱ्यातलं खाणं काढलं. काढताना एकेकीला हळू काहीतरी म्हणत होता. सगळं झाल्यावर त्यानं चावी खिशात टाकली, हात धुतले आणि मॅडमसमोर उभा राहिला.

"बाई, मी ठेवतो उपाशी. वचन देतो. पन तुमी माह्यासमोर जेवा."

मॅडमचा सहावा महिना सरत आला होता. उंदीरघराच्या व्हरांड्यात एक रिकामं खोकं उलटं ठेवलं होतं, त्यावर त्या बसल्या. गोमाजीनं फडकं सोडलं. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, कांदा. त्या भाकरीच्या प्रकारानंतर उंदीरघराच्या आसपास अन्नाचा कण आणायचा नाही, असा सरांचा सक्त हुकूम होता. मी बाहेर लक्ष ठेवून उभा राहिलो.

मॅडमनी एक भाकरी खाल्ली. "पुरे आता, गोमाजी."

तेवढ्यात सर आले! मी आडवा येईपर्यंत ते व्हरांड्यात पोचलेही. मॅडम हातात भाकरीचा तुकडा घेऊन अवघडत उठायला लागल्या. "सर, हे..."

गोमाजीनं सरांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसरी भाकरी मॅडमच्या पुढ्यात ठेवली.

"बसा बाई. पुरे म्हनू नोका. आत बारा जनी उपाशी हायेत. त्यायच्या वाट्याचं कोन खाईन?"

सर जागच्या जागी उभे राहिले. मग वाकले, खाली ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि मॅडमच्या हाताशी ठेवला.